‘ह्रस्व’, ‘लघु’ आणि ‘आखूड’ : एका ग्रीक पूर्वपदाच्या निमित्ताने

परळीच्या ज्योतिर्लिंगाचे नाव पोथीत ‘वैद्यनाथ’ आहे. लोकांच्या तोंडी ते ‘वैजनाथ’ झाले. ‘अद्य’चे ‘आज’ आणि ‘विद्युत्’ची ‘वीज’ ज्या वाटेने झाली, त्याच वाटेने हा ‘वैद्य’ही गेला. गावाच्या नावात आणि रेल्वे स्थानकाच्या पाटीवरही ‘परळी वैजनाथ’ हेच लोकरूप स्थिरावले. समुद्रमंथनातून निघालेले धन्वंतरी आणि अमृत विष्णूने याच लिंगात दडवून ठेवले, अशी या क्षेत्राची आख्यायिका आहे. तेव्हा वैद्यकाशी त्याचे नाते केवळ नावाचे नाही. मात्र उच्चार सुलभ होताना नावातला वैद्य कानाला ऐकू येईनासा झाला, हेही खरे. विद्वानांचा शब्द लोकांच्या मुखात रुळतो तेव्हा काही मिळते आणि काही सुटते. वैद्यकीय परिभाषेच्या प्रश्नाकडे पाहताना या गावाचे नाव एक चांगला आरंभबिंदू ठरते, ते याच कारणाने.

परळी परिसरातील गंभीर आजारी माणूस बहुधा शेजारच्या अंबाजोगाईला नेला जातो. तेथे १९७४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव त्याला दिलेले आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात असते तीच भाषिक स्थिती तेथेही असणार : पाठ्यपुस्तक इंग्रजी, केसपेपर इंग्रजी, आणि खाटेवरच्या माणसाशी बोलणे मराठीत. म्हणजे भाषांतर रोज होतेच. ते कोशात होत नसून खाटेपाशी होते, घाईत होते आणि त्याची नोंद कोठेही राहत नाही. परिभाषाकोशांच्या प्रस्तावनांतून ज्या प्रश्नांची चर्चा झाली, त्यांचा खरा निकाल अशा ठिकाणी लागतो. तो तपासायचा तर शेकडो संज्ञा घेण्याचे कारण नाही. एकच पूर्वपद पुरेसे आहे.

‘आखूड’ या अर्थाच्या ‘ब्राखुस’ या ग्रीक विशेषणापासून वैद्यक आणि जीवशास्त्र यांनी ‘ब्रॅकि’ हे पूर्वपद घेतले. ब्रॅकिसेफॅलिक, ब्रॅकिडॅक्टिली, ब्रॅकिथेरपी, ब्रॅकियूरा, ब्रॅकिसेरा अशी त्याची प्रजा मोठी आहे. लॅटिन ‘ब्रेविस’ हा या शब्दाचा सख्खा भाऊ. संस्कृतातील ‘मुहुः’ हा शब्दही तुलनात्मक भाषाशास्त्राने याच घराण्यात बसवला आहे, आणि ‘मुहुः’वरून ‘मुहूर्त’ आला. हे नाते मान्य केले, तर मराठी माणूस लग्नाची वेळ धरताना ज्या शब्दाचा उच्चार करतो आणि किरणोपचारतज्ज्ञ ज्याचा करतो, ते दोन्ही दूरचे आप्त ठरतात. अर्थात या आप्तसंबंधाचा परिभाषेला काही उपयोग नाही. व्युत्पत्ती शब्दाचे मूळ दाखवते, पण त्याने आज काय काम करावे हे ठरवत नाही. परिभाषेच्या चर्चेत हा भेद वारंवार विसरला गेला आहे, म्हणून तो आरंभीच नोंदवणे बरे.

मराठीत ‘ब्रॅकि’साठी शब्द नाही, अशी तक्रार करता येणार नाही. उलट शब्द फार आहेत. ह्रस्व, लघु, अल्प हे संस्कृतातून आलेले. आखूड, तोकडा, थिटा, खुजा, ठेंगणा, बुटका हे घरचे. यांपैकी कोणतेही दोन शब्द एकमेकांच्या जागी निर्धास्तपणे ठेवता येत नाहीत. दोरी आखूड पडते, पण माणूस आखूड नसतो. तो ठेंगणा किंवा बुटका असतो. सदरा तोकडा होतो, बुद्धी थिटी पडते. ‘तोकडा’ शब्दात अपुरेपणाची खंत आहे, ‘आखूड’मध्ये केवळ माप आहे. ‘खुजा’ उंचीला लागतो आणि पुढे कर्तृत्वालाही लागतो. एवढी बारीक वाटणी जिच्याजवळ आहे, त्या भाषेला एका ग्रीक पूर्वपदासमोर अडखळण्याचे कारण नव्हते. तरी ती अडखळली आहे, आणि त्याचे कारण शब्दांच्या अभावात शोधून सापडणार नाही.

अंबाजोगाईच्याच दासोपंतांनी (१५५१–१६१५) ‘गीतार्णवा’त मराठीची बाजू मांडताना एक युक्तिवाद केला आहे, तो मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. संस्कृत ‘घट’ म्हणून थांबते. पण घट कोणता? मराठीत प्रत्येक भांड्याचे नाव निराळे, आणि ते नाव घेतले की नेमके तेच भांडे समोर येते. मराठीच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून हा भाग बहुधा शिकवला जातो. वस्तुतः तो अभिमानापेक्षा अर्थशास्त्राचा, म्हणजे शब्दार्थाच्या शास्त्राचा मुद्दा आहे. दासोपंतांनी मराठी गोड आहे असे म्हटलेले नाही. ती नेमकी आहे असे म्हटले आहे. रांजण म्हणजे डेरा नव्हे आणि गाडगे म्हणजे सुगड नव्हे. पारिभाषिक संज्ञेकडून विज्ञानाची जी अपेक्षा असते, ती सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधीवर अंबाजोगाईत बसून एका कवीने बोलीभाषेच्या बाजूने मांडली होती. चारशे वर्षांनंतर परिभाषेची चळवळ मात्र नेमकेपणासाठी संस्कृताकडे वळली.

ती का वळली, याचे उत्तर सहानुभूतीने द्यायला हवे. संस्कृतात समास घडतात, उपसर्ग लागतात, एका धातूतून कुटुंब उभे राहते. डॉ. रघुवीर यांनी नागपुरात राहून जे प्रचंड कोशकार्य केले, त्याच्या मुळाशी हीच दृष्टी होती : परकीय भाषेतील प्रत्येक उपसर्गाला, प्रत्येक प्रत्ययाला एक निश्चित संस्कृत प्रतिरूप नेमून द्यायचे, म्हणजे संज्ञा आपोआप तयार होतील आणि त्यांत सुसंगती राहील. केंद्र शासनाने १९६१ मध्ये शब्दावली आयोग नेमला. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पुढे विषयवार परिभाषा कोश निघत गेले. या कोशांत रघुवीरांची टोकाची भूमिका नाही, पण ‘एका परकीय घटकास एक देशी घटक’ हे सूत्र पुष्कळ ठिकाणी जाणवते. मराठवाड्याला हा प्रयोग नवाही नव्हता. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाने (स्थापना १९१८) वैद्यकासह उच्च शिक्षण उर्दूतून दिले. त्यासाठी अनुवादाचे स्वतंत्र खाते काढले, अरबी-फारसी धातूंतून हजारो संज्ञा घडवल्या. वहिदुद्दीन सलीम यांचा संज्ञा घडवण्याच्या शास्त्रावरचा उर्दू ग्रंथ १९२१ मधला आहे. म्हणजे परळी-अंबाजोगाईच्या मुलाला देशी भाषेतून वैद्यक शिकण्याची सोय एके काळी होती. फक्त ती देशी भाषा त्याच्या घरातली नव्हती. अरबीच्या जागी संस्कृत ठेवले की तो प्रश्न सुटतो, असे मानण्यात एक भाबडेपणा आहे.

सूत्र ‘ब्रॅकि’ला लावून पाहावे. प्रतिरूप कोणते घ्यायचे? पहिला उमेदवार ‘ह्रस्व’. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाच्या मनात ‘ह्रस्व’ म्हटले की पहिली वेलांटी उभी राहते, आणि तिच्या मागोमाग गुरुजींची लाल शाई. व्याकरणाने हा शब्द असा काही ताब्यात घेतला आहे की, स्वराखेरीज दुसरे काही ह्रस्व असू शकते हे सहसा सुचतच नाही. आयुर्वेदात अशी अडचण नव्हती. चरकाने निंदित शरीरांचे जे आठ प्रकार सांगितले त्यांत ‘अतिह्रस्व’ हा एक आहे, आणि तेथे अर्थ फार ठेंगणा माणूस असा सरळ आहे. संस्कृत शब्द मराठीत आला म्हणून त्याचा संस्कृतातला सगळा अर्थ मराठीत आला, असे होत नाही.

दुसरा उमेदवार ‘लघु’. येथे गुंता अधिक आहे. छंदःशास्त्र शिकलेल्यास ठाऊक असते की, ह्रस्व आणि लघु या एकाच गोष्टीच्या दोन संज्ञा नाहीत. पाणिनीने ह्रस्व ही स्वराची संज्ञा मानली. पुढे संयोग नसेल तेव्हाच त्या ह्रस्वाला लघु म्हटले, आणि संयोग आला तर तोच ह्रस्व स्वर गुरू होतो. स्वराचे मोजमाप आणि अक्षराचे वजन अशा दोन पातळ्या आपल्या परंपरेने काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या. ग्रीक छंदःशास्त्रात दोन्ही ठिकाणी ‘ब्राखुस’च आहे. ज्याला तेथे ‘अ‍ॅम्फिब्रॅक’, म्हणजे दोन्ही बाजूंनी आखूड, म्हणतात तो आपला जगण. तिन्ही आखूड असलेला ‘ट्रायब्रॅक’ तो आपला नगण. ज्या परंपरेने या एका क्षेत्रातसुद्धा त्या ग्रीक शब्दाला एकच प्रतिशब्द पुरवला नाही, तिच्याच नावाने पुढे सर्व क्षेत्रांसाठी एकच प्रतिशब्द नेमावा, यात विसंगती आहे. शिवाय वैद्यकात ‘लघु’ला स्वतःचा जुना अर्थ आहेच. आयुर्वेदात लघु म्हणजे पचायला हलका. मुगाचे कढण लघु, उडीद गुरू. आणि आधुनिक व्यवहारात लघु म्हणजे लहान : लघुउद्योग, लघुपट. ‘लघुशीर्ष’ म्हटले तर वाचकाच्या डोळ्यांपुढे लहान डोके येते. लहान डोके ही अगदी वेगळी विकृती असून तिचे ग्रीक नाव ‘मायक्रोसेफॅली’ असे आहे. एका पूर्वपदाची सोय पाहताना दोन आजार एका नावाखाली येऊ शकतात.

‘लघु’ जेथे चपखल बसला ते एक उदाहरण आहे, तेही सांगितले पाहिजे. ‘ब्रॅकिग्राफी’ या जुन्या शब्दाच्या अर्थाने मराठीत ‘लघुलिपी’, ‘लघुलेखन’ रूढ झाले आणि लघुलेखक हा कचेरीतला माणूस झाला. तेथे शब्द टिकला, कारण अर्थाला दुसरी वाट नव्हती.

आता जीवशास्त्राकडे वळले तर चित्र एकदम पालटते. घरमाशी, गोमाशी यांचा जो मोठा गट आहे, त्याला ‘ब्रॅकिसेरा’ म्हणतात. शब्दशः आखूड शिंगांच्या. त्यांची शिंगे म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिका. डासांच्या लांब, माश्यांच्या आखूड. गुरांच्या एका प्राचीन आखूड शिंगांच्या प्रकाराला युरोपीय अभ्यासकांनी ‘ब्रॅकिसेरॉस’ असेच नाव दिले होते. मराठी शेतकऱ्याने हा समास कोणत्याही आयोगाविना घडवून ठेवला आहे : आखूडशिंगी. ‘आखूडशिंगी आणि बहुदुधी’ गाय शोधणाऱ्याची थट्टा सर्वांना ठाऊक आहे. पण त्या म्हणीतले दोन्ही शब्द वैज्ञानिक संज्ञेच्या कसोटीला उतरतात, इकडे सहसा लक्ष जात नाही. विशेषण, त्याने विशेषित केलेला अवयव आणि ‘ई’ हा प्रत्यय : ग्रीक समासाची हीच रचना आहे. लाल कंधारी आणि देवणी गुरांच्या मुलखात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. याच वळणाने खेकड्यांच्या ‘ब्रॅकियूरा’ गटाला ‘आखूडशेपटी’ म्हणता येते, कारण खेकड्याची शेपूट आखूड होऊन पोटाखाली दुमडलेली असते. ‘ब्रॅकिडॅक्टिली’ला ‘आखूडबोटेपणा’ म्हणता येते. हातापायांची बोटे आनुवंशिकरीत्या आखूड असण्याची ही स्थिती. अमेरिकेतील एका कुटुंबाच्या पिढ्यांचा अभ्यास करून विल्यम फॅराबी यांनी १९०५ मध्ये तिच्यावर लिहिले, आणि मेंडेलच्या प्रभावी आनुवंशिकतेचे माणसातले पहिले सिद्ध उदाहरण म्हणून तिला शास्त्राच्या इतिहासात स्थान मिळाले. ‘आखूडबोटेपणा’ हा शब्द ‘ह्रस्वांगुलिता’पेक्षा कमी शास्त्रीय आहे, असे मानण्यास सवयीखेरीज आधार दिसत नाही. ग्रीक माणसाला ‘ब्राखुस’ आणि ‘दाक्तुलोस’ हे बाजारात बोलण्याचेच शब्द होते.

मात्र ‘आखूड’ हे नवे सार्वत्रिक प्रतिरूप मानून सगळीकडे लावावे, असाही निष्कर्ष निघत नाही. तसे केले तर रघुवीरांचेच सूत्र तद्भव वेषात परत येईल. ‘ब्रॅकिसेफॅलिक’ या शब्दापाशी त्याची परीक्षा होते, आणि मराठी समाजाच्या इतिहासात हा शब्द निरुपद्रवी राहिलेला नाही.

स्वीडनच्या अँडर्स रेट्झियस यांनी १८४०च्या दशकात कवट्यांचे लांबोडक्या आणि आखूड असे प्रकार केले. डोक्याची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर, हा शीर्षनिर्देशांक; तो साधारणतः ८० वा अधिक असेल तर डोके ब्रॅकिसेफॅलिक, ७५ च्या खाली असेल तर दीर्घ. म्हणजे येथे आखूडपणा स्वतंत्र नाही; तो रुंदीच्या मानाने आहे. एकच गुणोत्तर एका बाजूने पाहिले तर ‘आखूड’, दुसऱ्या बाजूने ‘रुंद’. हर्बर्ट रिस्ले यांनी १९०१ च्या जनगणनेत आणि नंतर १९०८ च्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या लोकांचे रुंद डोके पाहून त्यांना ‘स्किथो-द्राविडी’ ठरवले. काही डोक्यांच्या मापांवरून शकांचे आगमन सिद्ध झाले. बी. एस. गुहा यांनी १९३१ च्या जनगणनेच्या कामात नवी मापे घेऊन वेगळी मांडणी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘हू वेअर द शूद्राज?’ (१९४६) मध्ये या दोन्ही पाहण्यांची दखल घेतली, आणि ‘द अनटचेबल्स’ (१९४८) मध्ये मानवमितीच्याच आकड्यांनी अस्पृश्यतेच्या वंशमूलक उपपत्तीचे खंडन केले. ज्या शास्त्राने जातींची डोकी मोजली, त्याच शास्त्राचे आकडे त्यांनी त्या शास्त्राच्या निष्कर्षांवर उलटवले. या ग्रंथांचे मराठी भाषांतर करणाऱ्याला ‘ब्रॅकिसेफॅलिक’साठी शब्द हवाच असतो.

संस्कृतनिष्ठ परंपरेत ‘पृथुकपाल’ आणि ‘दीर्घकपाल’ ही जोडी वापरली गेली. ‘पृथु’ म्हणजे रुंद. म्हणजे ग्रीक शब्दाचा आखूडपणा टाकून रुंदी घेतली. उपसर्गाचे भाषांतर न करता मोजलेल्या गोष्टीचे भाषांतर केले, हे योग्यच झाले. घोटाळा झाला तो उत्तरपदात. संस्कृतात ‘कपाल’ म्हणजे कवटी. मराठीत ‘कपाळ’ म्हणजे भाळ, आणि भाळावरचे लिखित, म्हणजे नशीब. ‘दीर्घकपाल’ वाचून सामान्य वाचकाला लांब कवटी न दिसता उंच कपाळ दिसते. ‘ह्रस्वकपाल’ म्हटले असते तर कपाळकरंटा आठवला असता. एवढी विद्वत्ता खर्च करून मिळाले काय, तर ‘रुंद डोक्याचा’ या दोन शब्दांपेक्षा कमी स्पष्ट असा एक शब्द. बाळाच्या बाबतीत तर आजीबाईंनी हे शास्त्र कधीच व्यवहारात आणलेले आहे. सतत उताणे निजून बाळाचे डोके मागून चपटे आणि बाजूंनी रुंद होऊ नये म्हणून मोहरीची उशी देतात. डॉक्टर ज्याला ‘पोझिशनल ब्रॅकिसेफॅली’ म्हणतो, त्याला घरात ‘डोके मागून चपटे बसले’ म्हणतात. या वाक्यात आखूडही नाही, रुंदही नाही. जे झाले ते आहे.

येथपर्यंतचा वाद वाचकाच्या सोयीअडचणीचा म्हणता येईल. ‘ब्रॅकिथेरपी’पाशी तो रुग्णाच्या जीवाशी येऊन भिडतो.

या उपचारात किरणोत्सर्गी द्रव्य गाठीच्या आत किंवा अगदी लगत नेऊन ठेवतात. आज बहुधा इरिडियम-१९२ वापरतात. त्याचा अर्धायुकाल सुमारे ७४ दिवसांचा. दूरवरच्या यंत्रातून बाहेरून किरण सोडण्याच्या पद्धतीला ‘टेलिथेरपी’ म्हणत. तिच्याशी विरोध दाखवण्यासाठी ‘ब्रॅकि’ आले. तेव्हा येथे आखूड काय आहे? उपचार नव्हे, त्याचा काळ नव्हे, किरणांची मात्रा तर मुळीच नव्हे. आखूड आहे ते अंतर. सूत्रानुसार कोणी ‘लघुकिरणोपचार’ केला, तर व्याकरण बिनचूक राहील आणि अर्थ घातक होईल. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात, विशेषतः तो आजूबाजूला पसरलेला असताना, बाहेरून किरण दिल्यानंतर आतून किरण देणे हा उपचाराचा अविभाज्य भाग आहे. तो गाळला तर रोग बरा होण्याची शक्यता लक्षणीय घटते. पाच आठवडे रोज बाहेरून किरण घेऊन थकलेल्या बाईला ‘आता थोडा लघु उपचार राहिला’ असे सांगितले, तर ‘लघु’ या शब्दाचा ती जो अर्थ करील तो मराठीच्या दृष्टीने बरोबरच असेल. छोटा राहिला आहे, मग राहू दे. ती गावी परतली तर चूक तिच्या समजुतीची म्हणता येणार नाही.

हा विषय या भागाला परका नाही. बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झालेली कर्करोग नोंदणी ही भारतातील पहिली ग्रामीण नोंदणी. तिच्या कक्षेत बार्शीबरोबर परांडा आणि भूम हा मराठवाड्याचा भागही आला. तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेली गर्भाशयमुख-तपासणीची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि विषाणूची एकच तपासणीसुद्धा मृत्यू कमी करू शकते हे जगाने मराठवाड्याच्या खेड्यांतल्या आकड्यांवरून मान्य केले. जागतिक वैद्यकाच्या इतिहासात मराठी स्त्रियांचा हा मोठा वाटा आहे. त्यांच्याशी प्रत्यक्ष कोणत्या शब्दांत बोलले गेले, तपासणीला, विषाणूला, गर्भाशयमुखाला त्या काय म्हणत होत्या, हा मराठी भाषेच्या अभ्यासाचा विषय व्हायला हवा होता. तो झाल्याचे दिसत नाही.

‘ब्रॅकिथेरपी’ला ‘निकट किरणोपचार’ म्हणणे कोशाच्या दृष्टीने निर्दोष आहे : आखूड अंतर म्हणजे निकटता. परंतु रुग्णांच्या भाषेत किरणोपचाराला ‘शेक’ म्हणतात, ‘लाइट’ म्हणतात; बाहेरचा शेक आणि आतला शेक असा भेदही त्या भाषेत सहज होतो. ‘आतून दिलेला शेक’ या शब्दसमूहात अंतराचा मुद्दा पूर्ण उतरला आहे, किंबहुना ‘निकट’पेक्षा अधिक उतरला आहे.

मग लोकांचाच शब्द घ्यावा, असे म्हणून हा वाद मिटवता आला असता. बीड जिल्ह्याचाच एक अनुभव मात्र तसे करू देत नाही. ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. राज्य शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाली होती. तिच्यामागे दारिद्र्य आहे, मुकादमाची उचल आहे, पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी आहे, कर्करोगाची घातलेली भीती आहे. भाषा हे त्यातले लहान कारण. पण ते कारण नाही असे नाही. गर्भाशयाला या मुलखात ‘पिशवी’ म्हणतात. अस्सल मराठी, सर्वांना कळणारा, घरगुती शब्द. त्यात एक सूचना दडलेली आहे : पिशवी रिकामी झाली की तिचे काम संपले, आणि संपलेली पिशवी टाकून देता येते. त्या अवयवाशी अंडाशयांचा, हाडांचा, पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या प्रकृतीचा काही संबंध असू शकतो, हे ‘पिशवी’ सांगत नाही. ‘पिशवी काढून टाका’ हे वाक्य ‘गर्भाशय काढून टाका’ यापेक्षा बोलायला आणि ऐकायला फार सोपे आहे. सोपेपणा येथे रुग्णाच्या बाजूचा राहत नाही. दासोपंतांची कसोटी लोकभाषेच्या शब्दालाही लावावी लागते, ती यासाठी. घट कोणता, हे विचारायचे तसेच पिशवी कोणती आणि कशाची, हेही विचारायचे.

उरला प्रश्न परकीय संज्ञा जशीच्या तशी ठेवण्याचा. डॉक्टरांपुरता तो मार्ग व्यवहार्य आहे, आणि त्यावर भावनिक आक्षेप घेण्यात अर्थ नाही. पण देवनागरीत उतरताना तिचीही नवी संकटे निर्माण होतात. ‘ब्रॅकि’ म्हणजे आखूड आणि ‘ब्रॅडि’ म्हणजे मंद. मिनिटाला साठाहून कमी ठोके पडले की ‘ब्रॅडिकार्डिया’. हस्ताक्षरात क आणि ड एवढाच फरक. त्यातच ‘ब्रॅकियल’ म्हणजे दंडाचा. तो भुजेच्या ग्रीक शब्दावरून आलेला. भुजेचा तो शब्दही ‘अधिक आखूड’ या अर्थाने ‘ब्राखुस’वरूनच निघाला असे मानतात, कारण दंड हा हाताच्या पुढच्या भागाहून आखूड; पण आज दोन्हींचे अर्थ पूर्ण वेगळे आहेत. ‘ब्रॅकिओपोडा’ या सागरी प्राण्यांच्या नावात भुजा आहे, आखूडपणा नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी हे सगळे पाठ करतो आणि विसरतो. कोणता शब्द कोठून आला याची दोन वाक्ये त्याला मराठीत वाचायला मिळाली असती, तर पाठांतर निम्म्यावर आले असते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६० नंतरच्या दशकात मराठीतून वैद्यक शिकवण्याचे वर्ग चालले होते. त्या पिढीच्या पुस्तकांत शब्द कसे घडवले गेले, हेही कोणी सलगपणे तपासायला हवे.

हे काम कोणाचे? वैद्यकीय महाविद्यालयांकडे त्यासाठी वेळ नाही. भाषा संचालनालयाच्या समित्या कोश करतात, संवाद ऐकत नाहीत. मराठी विभागांकडे मात्र त्यासाठी लागणारी साधने तयार आहेत. बोलींचे सर्वेक्षण, शेतीच्या अवजारांची शब्दसूची, जात्यावरच्या ओव्यांचे संकलन यांवर मराठवाड्यात प्रबंध होत आले आहेत. त्याच पद्धतीने बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेतली मराठी नोंदवता येईल : कळ, ठणका, शिणक, चमक, मुंग्या येणे यांत रुग्ण कोणता भेद करतात, ‘अंगावर जाणे’ म्हणताना एखादी बाई नेमके काय सांगते आणि डॉक्टर काय लिहून घेतो, संमतिपत्र वाचून दाखवले जाते तेव्हा कोणत्या वाक्यापाशी डोळे खाली जातात. दासोपंतांच्या समाधीपासून वैद्यकीय महाविद्यालय लांब नाही. विद्यार्थ्याला तेथे ‘गीतार्णवा’तील ती भांड्यांची यादी पाठ्यक्रमात भेटते आणि परीक्षेनंतर मिटते.

‘शेक’ या शब्दाचाच निर्णय अजून व्हायचा आहे. तो लोकांनी स्वतः शोधला, तो चटकन कळतो, आणि ‘आतला’ हे विशेषण लागले की ‘ब्रॅकि’चे काम तो चोख करतो. पण शेक म्हणजे ऊब. विटेचा, मिठाच्या पुरचुंडीचा, बाळंतिणीच्या शेगडीचा. किरणांत ती ऊब नसते; उपचार चालू असताना काही जाणवतही नाही, आणि काही आठवड्यांनी कातडी काळवंडते तेव्हा ‘शेक जास्त बसला’ असा अर्थ रुग्ण लावतो आणि पुढच्या वेळी येताना कचरतो. हा शब्द ठेवावा आणि त्याच्या शेजारी एक खुलासा जोडावा, की ‘आतून किरण’ असे म्हणायला सुरुवात करावी, हे खाटेवरच्या बाईला विचारल्यावाचून ठरवता येणार नाही.